एका रविवारचा लसूण

आक्का, तुमच्या बाराव्याला चित्रकलेच्या कॉलेजातली एक पोरगी लसणाची जुडी घेऊन आली. चांगली पातीसकट बांधलेली, पांढरीशुभ्र जुडी. झेंडूच्या हारांमध्ये जागा करून तिनं ती बरोबर तुमच्या फोटोपुढं ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटून उभी राहिली. मागची दोघं-तिघं गहिवरली. एकानं मोबाईल काढून फोटोही घेतला. तुमची मुरगूडची धाकटी बहीण तेवढी भिंतीला टेकून बसली होती, ती ताडकन उठली. "आगं ए पोरी, उत्तरकार्याला लसूण ठेवतीस व्हय? काय देवाधर्माचं हाय का न्हाई?" पोरगी बावरली आणि म्हणाली, "मावशी, पुस्तकात तसं लिहिलंय." मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण पुस्तक माझं होतं.

तुमची सून सुमन पुढं आली, तिनं जुडी उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. मी बाहेर येऊन चपला शोधायला लागलो. मला तिथं थांबवेना.

तुम्ही कोण होतात, तुमची चित्रं कुठं कुठं लागली, हे लिहिणारे लिहितील. दोघांनी तर लिहिलंही, आणि दोघांनीही लसणापासून सुरुवात केली. मला ते लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. तुमच्याबद्दल मी एक खोटं लिहिलं, आक्का. तुम्ही विचारलंत तेव्हा ते खरंच आहे म्हणून तोंडावर सांगितलं. आणि पुढं त्या खोट्यापायी तुमचा हात अडला, तेव्हाही मी गप्प बसलो. तुम्ही होता तोवर हे बोलायला दर आठवड्याला एक रविवार मिळत होता. आता बोलतोय. माझं सगळं हे असंच, वरातीमागून घोडं.

पहिल्यांदा मी तुमच्याकडं आलो तेव्हा मला वाटत होतं, आपण काहीतरी थोर करतोय. आपल्या भागातले सात चित्रकार-शिल्पकार प्रत्यक्षात काम कसं करतात यावर पुस्तक लिहायचं. त्यांचा जन्म, शिक्षण, मानसन्मान काही नको. सकाळी उठून हात पहिल्यांदा कुठं जातो, कोऱ्या कापडापुढं माणूस काय करतो, अडलं की कुणावर ओरडतो, एवढंच. मी वारणानगरच्या कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस, मला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कुणी काही करायला घेतलं की बघत बसायची खोड लहानपणापासून होती. तुमच्या आधी ज्यांच्याकडं गेलो त्यांनी मला भाषणं दिली. एकजण म्हणाले, कॅनव्हास मला साद घालतो. दुसरे डोळे मिटून पंधरा मिनिटं बसले आणि उघडल्यावर मी लिहून घेतोय का ते बघितलं.

तुम्ही दार उघडून म्हणालात, "चा घेतासा?" चहा झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या माडीवर नेलंत, रंगाच्या मोठ्या डब्यावर बसवलंत आणि दोन अटी घातल्यात. "बोलायचं न्हाई. आन लगीच लिवत बसायचं न्हाई. आदी नुसतं बगा." मी म्हटलं, आक्का, मी प्राध्यापक आहे, मला बघता येतं. "आसूदे की," तुम्ही म्हणालात, "मास्तर बी चांगलंच आसतंय." तेव्हापासून मी मास्तर झालो. बायकोसुद्धा पुढं मला तेच म्हणायला लागली.

बारा रविवार मी तसा बसलो. सकाळच्या एसटीनं यायचं आणि दुपार कलल्यावर परत जायचं. तुमच्या चित्रांतली माणसं मला आधी समजेचनात. पुरुषभर उंचीचे कॅनव्हास, त्यांवर उभ्या बायका, बसलेले म्हातारे, आणि कुणाला चेहराच नाही. लुगड्याच्या चुण्या आहेत, फेट्याचे पीळ आहेत, गालाच्या जागी फक्त एक गुलाबी ओल आहे. रंग इतका पातळ की खालच्या कापडाचे धागे दिसावेत. हे कुठून आलं म्हणून मी विचारत राहिलो आणि तुम्ही "आलं कुटनं तरी" म्हणून टाळत राहिलात. चौथ्या का पाचव्या रविवारी तुम्ही ट्रंकेतून फोटो रंगवायच्या रंगांचा जुना लाकडी डबा काढलात, आणि मग मला मामाच्या फोटो स्टुडिओची सगळी गोष्ट कळली.

मुरगूडहून मामाकडं शिकायला म्हणून तुम्ही आलात आणि शाळेपेक्षा स्टुडिओतच जास्त रमलात. काळ्या-पांढऱ्या फोटोत हातानं रंग भरायचं काम. कापसाच्या बारीक बोळ्यानं गाल गुलाबी करायचे, ओठांना लाली, कुंकवाचा ठिपका, लुगड्याला रंग. निम्मे फोटो वारलेल्या माणसांचे. घरची मंडळी एखादाच जुना फोटो घेऊन यायची आणि मोठा करून रंगीत करून मागायची. लुगडं कुठल्या रंगाचं होतं विचारलं की तिथंच भांडण सुरू व्हायचं. थोरला म्हणायचा जांभळं, धाकटी म्हणायची मोरपंखी. मग तुम्ही तुमच्या मनानं भरायचात. एका म्हातारीला तुम्ही हिरवं लुगडं दिलंत, आणि काही वर्षांनी तिची लेक रस्त्यात भेटून म्हणाली, आमच्या आईला हिरवा रंग भारी आवडायचा. हे सांगताना तुम्ही इतक्या हसलात की पदरानं डोळे पुसावे लागले. "म्या भरला म्हनून हिरवा आवडाय लागला मयताला!"

यावर आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हटलं, आक्का, हे खोटं झालं. तुम्ही म्हणालात, "कुनाचं काय गेलं?" मी म्हटलं, त्या बाईचा रंग गेला की. तिचा जो कुठला असेल तो कायमचा गेला. "मग तुमी काय निराळं करतासा? तुमी बी मानसात रंगच भरतासा न्हवं?" मी चिडलो. चित्रात चालतं, लिहिण्यात चालत नाही, असं एक लांबलचक प्रवचन मी तुम्हाला दिलं. कलावंताबद्दल लिहिणाऱ्यानं जे पाहिलं तेच लिहावं, त्यात स्वतःची हळद-मीठ घालू नये, नाहीतर त्या माणसाचा हात आपण चोरतो, वगैरे. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बरं बाबा. तुमाला न्हाई चालत, मला चालतंय." तो वाद आपण पुढं कित्येक रविवार घातला आणि तो काही मिटला नाही.

त्याच दिवसांत मी माझ्या आईचा फोटो तुम्हाला आणून दिला होता. तुमचा हात आता तसल्या कामाला बसत नव्हता, तरी हौसेनं घेतलात. आईचे गाल तुम्ही असे रंगवलेत की ती नुकतीच चुलीपुढून उठून आलीय असं वाटावं. मग विचारलंत, लुगडं कसलं होतं? मला आठवेना. मी म्हटलं, भरा कुठलाही, तुम्हाला शोभेल तो. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "न्हाई. तुमी लिवनारं मानूस. तुमाला खोटं चालायचं न्हाई. आटवंल तवा या." मला अजून आठवलेलं नाही. आईचं लुगडं अजून राखाडी आहे. साऱ्या पेठेतल्या मयतांना तुम्ही मन मानेल ते रंग दिलेत, एक माझ्याच आईला दिला नाहीत, कारण माझ्या खरेपणाची तुम्हाला एवढी खात्री होती.

आता तो लसूण. बारापैकी आठवा का नववा रविवार होता. भिंतीला नवा कॅनव्हास टेकवलेला. तुम्ही खालून सूप घेऊन वर आलात, त्यात पाच-सहा गड्डे. उंबऱ्यापाशी कॅनव्हासकडं पाठ करून बसलात आणि लसूण सोलायला लागलात. अर्धा तास तरी. पंख्याच्या वाऱ्यानं ते पापुद्रे जमिनीवरून पळत होते. शेवटची पाकळी सोललीत, सूप बाजूला सारलंत, बोटं पदराला पुसलीत आणि सरळ उठून पहिला हात मारलात. फिकट, गुलाबीसर पांढरा रंग, हुबेहूब त्या पापुद्र्यांचा. मला वाटलं, सापडलं. इतके रविवार ज्यासाठी डब्यावर बसून कंबर मोडून घेतली ते हेच. परतीच्या एसटीत मी वही उघडली आणि वाठारचा फाटा येईपर्यंत चार पानं झाली. तुमची दुसरी अट अशी मोडली.

त्या चार पानांत मी लिहिलं की कोरा कॅनव्हास समोर आला की मालूआक्का त्याच्याकडं पाठ करतात आणि लसूण सोलायला बसतात. गड्डा संपल्याशिवाय त्या रंगाला हात लावत नाहीत. त्या सोलण्यात त्यांचा हात ऊब धरतो, आणि त्या पापुद्र्यांतूनच त्यांचे पातळ रंग आले असावेत. असं बरंच. उरलेल्या अकरा रविवारी तुम्ही काय करायचात ते मी पाहिलं होतंच की. एकदा खिडकीतून दूधवाल्याला फैलावर घेत घेतच ब्रश बुडवलात. एकदा पोराशी फोनवर बोलत होतात, फोन खांद्यात धरून सुरुवात केलीत. एकदा तर मी डब्यावर नीट टेकायच्या आत तुमचं निम्मं आभाळ रंगवून झालं होतं. पण दूधवाल्याचा परिच्छेद होत नाही, आक्का. लसणाचा झकास होत होता. आणि 'एका रविवारी' असं लिहिलं असतं तर ती नुसती हकिगत झाली असती. म्हणून मी ते रोजचं करून टाकलं. बारातल्या एका दिवसाचा मी तुमचा अख्खा जन्म करून टाकला.

छापायच्या आधी मी सगळं प्रकरण तुम्हाला वाचून दाखवलं. पुण्याच्या संपादकबाईंनी तुमच्या तोंडचं सगळं 'मी करतो, मी येतो' काढून 'करते, येते' केलं होतं. तुम्ही तिथंच हात वर केलात. "ही कोन बाई? मी आसं न्हाई बोलत. आमी बाया आमच्यात करतो-येतोच म्हंतो, तिला सांगा." मी ते सगळं पुन्हा होतं तसं करून घेतलं आणि संपादकबाईंशी भांडलोही, सत्याची बाजू घेऊन! लसणाचा भाग आला तेव्हा तुम्ही फक्त हसलात. "लसनाचं बी लिवलासा व्हय?" मी तो होकार धरला आणि पान उलटलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बाकी सहाजणांची प्रकरणं कुणी वाचली की नाही कुणास ठाऊक, लसूण मात्र गाजला. वर्तमानपत्रात चौकटीत आला. पुण्याहून एक जोडपं कापडी पिशवीतून शेतातला लसूण घेऊन आलं आणि माडीच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार करून गेलं. आमच्या वारणेच्या एका ड्रॉइंगच्या मास्तरानं परीक्षेआधी अख्ख्या वर्गाला लसूण सोलायला बसवलं, आणि त्या वर्षी त्या पोरांच्या चित्रांचा गठ्ठा वासानं खोलीत ठेवता येईना. सुमन तुम्हाला म्हणायची, "आत्या, ह्या साली लसूण घ्यायचं कामच न्हाई बगा." तुम्ही सगळ्यांना चहा पाजायचात, लसूण ठेवून घ्यायचात आणि माझ्याकडं बघून भुवया उडवायचात. मी लाजायचो. खोटं कशाला बोलू, सुखावायचो.

मग एक रविवार असा आला की तुम्ही भुवया उडवल्या नाहीत. दिवाळी होऊन गेली होती, ताटलीत चिवडा होता. तुम्ही नवा कॅनव्हास ताणून ठेवला होतात आणि त्याच्याकडं बघत बसला होतात. "मास्तर, एक इचारू? मी खरंच दर येळंला लसूण सोलत हुतो का वो?" मी चिवडा खात होतो. तुम्ही म्हणालात, "मला तर काय आटवत न्हाई. पर आपलं आपल्याला कुटं दिसतंय? रंगाच्या आदी मी कुटं आस्तो मला ठावं नस्तंय. तुमी म्होरं बसल्याला."

आक्का, एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. माझ्या पिशवीत दुसऱ्या आवृत्तीची प्रूफं होती. मी म्हटलं, "व्हय आक्का. दर वेळी." तुम्ही मान हलवलीत. "मग आसंल." आणि खाली हाक मारलीत, "सुमे, लसूण आन गं थोडा."

तुमच्या हिरव्या लुगड्यावर मी तुम्हाला एवढं सुनावलं होतं, आणि तुम्ही त्या म्हातारीचं केलंत त्यापेक्षा वाईट मी तुमचं केलं. ती तरी वारलेली होती. तुम्ही जित्या, समोर बसलेल्या, माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवत होता.

त्यानंतर तुम्ही खरंच सोलायला लागलात. पुस्तक होऊन गेलं होतं, तरी मी चहाला म्हणून रविवारी येतच होतो. प्रत्येक नव्या चित्राआधी सूप वर यायचं. पहिल्यांदा मला कसंतरी व्हायचं. मग सवय झाली, आणि मग तर बरंच वाटायला लागलं, की चला, लिहिलेलं खरं झालं. एकदा घरात लसूण नव्हता, बाजार बंद होता. तुम्ही कॅनव्हासवर चादर टाकलीत आणि म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघू. एरवी दूधवाल्याला शिव्या घालत ब्रश बुडवणारी बाई लसणासाठी आठवडाभर थांबली, आणि मी ते गमतीनं कॉलेजात सांगितलं. माझ्या जिभेला काही हाड होतं की नाही कोण जाणे.

दोन वर्षांमागं तुमच्या बोटांची पेरं सुजली. तुम्ही हार मानणाऱ्यातल्या नव्हता. ब्रशच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो मुठीत धरलात आणि अर्धी राहिलेली दोन चित्रं पुरी केलीत. मुठीतल्या ब्रशानं ओढलेली त्या म्हाताऱ्याच्या धोतराची चुणी मी पाहिली होती, तुमच्या बोटांनीसुद्धा तशी कधी ओढली नव्हती. हात चालत होता, आक्का. पण लसणाचं साल मुठीनं निघत नाही, त्याला नखं लागतात, बोटांची टोकं लागतात. पोरानं नवा कॅनव्हास आणून ठेवला आणि तो तसाच राहिला. "सोलाय येत न्हाई मास्तर," तुम्ही म्हणालात. "आता सुरवात कशी करायची?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, आक्का, हल्ली सोललेला लसूण पिशवीत मिळतो बाजारात. तुम्ही हसलात. "आन त्येला घिऊन काय बगत बसू?" सुमन म्हणाली, आत्या, मी सोलून देतो की. त्यावर तुम्ही म्हणालात, "तू सोलल्यावर माजा हात कसा ऊब धरंल?" हे माझं वाक्य होतं. एसटीत, वाठारच्या अलीकडं, मी जुळवलेलं. तुमच्या तोंडून ते ऐकलं आणि मला उठून जावंसं वाटलं. गेलोच. जिन्याच्या वरच्या पायरीवर एकदा थांबलो, मागं वळलो. तुम्ही कॅनव्हासकडं बघत होतात. सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की मी एकदाच पाहिलं होतं. की तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. पुस्तकाचं जे व्हायचं ते झालं असतं, त्याची एवढी भीती नव्हती. मला भीती होती ती तुम्ही माझ्याकडं कसं बघाल याची. माझ्या आईच्या फोटोवर ब्रश खाली ठेवणारी बाई मला पुन्हा मास्तर म्हणाली असती का? म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. असे किती पुढचे रविवार गेले ते आता मोजत नाही.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलनीतल्या डेअरीसमोर दुधाच्या रांगेत उभा होतो. दूध घेऊनच घरी आलो, तापवलं, झाकून ठेवलं आणि मगच एसटी धरली. माणूस असं का करतो मला माहीत नाही.

बाराव्यानंतर चार दिवसांनी मी सुमनकडं गेलो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती माडीवर तुमची लुगडी घडी घालून ठेवत होती. मी जिन्याजवळच उभा राहून सगळं सांगितलं, अकरा रविवार, एक रविवार, चिवड्याची ताटली, सगळं. ती घड्या घालत ऐकत होती. मग म्हणाली, "त्यो लसूण मीच दिलता त्यांस्नी. माजा हात भाजल्याला फोडणीच्या तेलानं, आन ठेचा करायचा हुता. म्हनून त्या सोलाय बसल्या. एरवी त्या कवा लसणाला हात लावत न्हवत्या. बोटांचा वास जात न्हाई म्हनायच्या."

मी डब्यावर बसलो. तुम्हाला तो वास आवडत नव्हता हेही मला माहीत नव्हतं. बारा रविवार बघत बसलेला माणूस मी.

"तूही कधी बोलली नाहीस," मी म्हटलं. "मला काय ठावं?" ती म्हणाली. "मी खाली सैपाकात. मला वाटलं, तुमी शिकल्यालं लोक, लिवलंय म्हंजे त्यांचं वर काय तरी चालत आसंल. सांगायचं हुतं की वो तुमी त्यांस्नी."

"राहूनच गेलं," मी म्हटलं.

"ऱ्हायलं न्हवं मास्तर. तुमी सांगितलं न्हाई." आवाज चढवला नाही तिनं. हातातलं लुगडं घडी घालून ठेवलं आणि दुसरं घेतलं. "बोटं दुखत हुती ती खरीच. डाक्टर बी म्हनलं, वय झालं. पर रोज सकाळी वर यिऊन त्या डब्यांची झाकणं उगडायच्या. वास घ्यायच्या रंगाचा. आन परत लावून ठेवायच्या. दीड वरीस." मग खाली जाऊन तिनं चहा केला, दोन कपात ओतला आणि माझ्यापुढं ठेवला. "रविवारी तुमची लई वाट बगायच्या त्या," ती म्हणाली. "एसटी चुकली आसंल काय गं मास्तरची, आसं दहांदा इचारायच्या." मी तो चहा प्यालो. मला रडू आलं ते तिनं पाहिलं आणि ती दुसरीकडं बघत बसली.

प्रकाशकांना नवी आवृत्ती काढायचीय. तुमच्या जाण्यामुळं मागणी आलीय, असं ते जरा चाचरत म्हणाले, आणि लसणाचा परिच्छेद मागच्या पानावर घेऊया म्हणाले. मी त्यांना कळवलंय की तो परिच्छेद निघेल. त्याच्या जागी एवढंच येईल, की एका रविवारी सुनेचा हात भाजला होता म्हणून मालूआक्कांनी ठेच्यासाठी लसूण सोलला आणि मग चित्राला सुरुवात केली. त्याखाली दूधवाला येईल, फोन येईल, ते आधीच रंगवून झालेलं आभाळ येईल. आणि पूर्वीच्या आवृत्त्यांत जे छापलं ते मी पाहिलेलं नव्हतं, हेही येईल. प्रकाशक म्हणतात, सर, तो तर पुस्तकाचा आत्मा आहे. मी म्हटलं, मग पुस्तक आत्म्याशिवाय काढा, नाहीतर काढू नका. त्या कॉलेजातल्या पोरीला मी पत्र लिहिलंय. तिला माझा राग येईल, तो यावाच.

पण हे सगळं वाचणाऱ्यांसाठी झालं. वाचणाऱ्यांचं काय अडलं होतं? त्यांनी लसूण सोलला आणि ठेचा करून खाल्ला. अडलं होतं ते तुमचं. त्या दिवशी जिन्याच्या वरच्या पायरीवरून मी दोन पावलं मागं यायला हवं होतं. तुम्ही कोऱ्या कॅनव्हासपुढं बसला होतात, चिंध्या गुंडाळलेला ब्रश बाजूलाच होता, आणि मला फार काही बोलायचं नव्हतं. एवढंच, की आक्का, लसूण ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर तुमचा हात चालतोय. मी अकरा रविवार समोर बसून बघितलंय. घ्या ब्रश.